जबडा दुखतोय: कुठं ते कळलं, कधी ते सांगा

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या शिक्षिकेनं विचारलंय. वय ३८. तीन महिने झाले, उजव्या कानाच्या पुढं दुखतं. सकाळी उठल्यावर जास्त. जांभई देताना 'कट्' असा आवाज येतो. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. एका दवाखान्यात जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी काढला. त्यात काही निघालं नाही, तरी तिथं अक्कलदाढ काढून टाका म्हणाले. दाढ सरळ उगवलेली आहे, कधी सुजलेली नाही. सासूबाई म्हणतात, वारं भरलंय. यात धोक्याचं काही आहे का, आणि जायचं कुणाकडं?

बाई, दाढ काढायची घाई करू नका, हे आधी सांगून टाकतो. बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण हेच दुखणं दहा निरनिराळी कारणं पोटात घेऊन माझ्याकडं येतं. त्यातली बहुतेक साधी असतात, दोन-तीन मात्र अजिबात साधी नसतात.

बेळगावात दातांचा दवाखाना चालवायला लागून मला तीस वर्षं होत आली. खुर्चीत बसलेल्या माणसाला मी "कुठं दुखतं?" असं विचारतो, पण बघत असतो त्याचा हात. कुणी एका बोटानं नेमकी जागा दाखवतो, कुणी अख्खा तळवा गालावरून कानशिलापर्यंत फिरवतो. बोट दाखवणाऱ्याचा दात नाहीतर सांधा दुखत असतो, तळवा फिरवणाऱ्याचा बहुधा स्नायू. शब्दांवर मात्र भरवसा नाही. बैलहोंगलकडचा माणूस 'दवडे नोवु' म्हणतो, निपाणीचा 'जाभाड दुखालंय' म्हणतो, शहरातला 'दाढेत कळ येते' म्हणतो, आणि तिघंही हात ठेवतात एकाच जागी. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारतो तो वेळेचा. सकाळी की संध्याकाळी? घास घेतल्यावर की जिना चढताना? आडवं झाल्यावर वाढतं का? निम्मं निदान इथंच होतं.

जागा फसवते याला कारण आहे. खालचे-वरचे दात, जबड्याचा सांधा, चावायचे स्नायू, कानाच्या पुढची त्वचा, या सगळ्यांची खबर मेंदूकडं नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल. एकाच वायरीवर दहा घरं जोडलेली असावीत, तसं. खालच्या दाढेची कीड कानात ठणकते आणि गालाचा आवळलेला स्नायू वरच्या दाढेत दुखतो. धडधाकट दाढा उपटल्या जातात त्या यामुळं, आणि दाढ गेली तरी दुखणं राहतंच.

आता तुमचं दुखणं. कानाच्या पुढं दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली जे गोल हाड सरकतं तो जबड्याचा सांधा. त्याच्या आणि कवटीच्या मध्ये कुर्चेसारखी एक छोटी गादी असते. ही गादी थोडी पुढं घसरलेली असली की तोंड उघडताना हाड तिच्यावर उडी मारून चढतं. तुमचा 'कट्' तो. नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतंय, असं असेल तर त्याला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. धडधाकट माणसांतही असे सांधे पुष्कळ वाजतात. आवाज बंद करण्यासाठी दात घासून लहान करणं किंवा चांगल्या दातांना तारा लावणं, असलं कुणी सुचवलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. घासलेला दात परत येत नाही.

तुम्हाला दुखतंय, आणि ते सकाळी जास्त दुखतंय. दिवसा काम करून संध्याकाळी दुखलं तर समजू, पण रात्रभर विश्रांती घेतलेला जबडा सकाळी थकलेला कसा? कारण रात्री त्याला विश्रांती मिळालेलीच नसते. झोपेत दात आवळले किंवा करकरा खाल्ले जातात. स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. नुसते आवळणाऱ्याचा तर आवाजही येत नाही. मग खुणा बघायच्या: जिभेच्या कडेला दातांचे नक्षीसारखे वळ, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी ओळ, सुळ्यांची टोकं झिजून सपाट. हे घरच्या आरशात दिसतं.

अजून एक करून बघा. दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं वर, दोन-दोन बोटं ठेवून दात आवळा. बोटाखाली टणक गोळा फुगतो. दात सैल सोडून तोच गोळा बोटानं जरा दाबा. तुमचं ओळखीचं दुखणं तिथं जागं झालं तर स्नायूच गुन्हेगार. कानशिलावरही असाच स्नायू आहे. परीक्षेच्या दिवसांत, वह्या तपासायच्या गठ्ठ्यात, लग्नघरात हे वाढतं. त्यात शिक्षकांचा आवाज चढवून बोलण्याचा धंदा. दिवसासुद्धा काम करताना दात एकमेकांवर टेकवून बसायची सवय असते, तीही मोडायला हवी. जेवणं आणि गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागूच नयेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला टेकलेली, ही जबड्याची आरामाची बैठक. मी पेशंटांना फळ्याच्या कोपऱ्यात, मोबाईलवर, चुलीजवळच्या भिंतीवर एक ठिपका काढायला सांगतो. ठिपका दिसला की दात सोडायचे. पोरखेळ वाटतो, पण गोळ्यांपेक्षा याचा गुण जास्त जणांना आलेला मी पाहिलाय.

तीन आठवडे मऊ खा. कडक भाकरी, सुकं खोबरं, चिक्की बंद. भाकरी हवीच असेल तर आमटीत कुस्करून. उप्पीट, मऊ भात, आंबील चालेल. आपल्या बेळगावची खव्याची मिठाई, कुंदा, तीही चालेल, दातांचा डॉक्टर असून नाइलाजानं सांगतोय. ऊस दातानं सोलायचा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या कांड्यावर जबडा लचकवून घेतलेले दोन-चार तरुण दरवर्षी येतातच. गालावर आणि कानशिलावर कोमट ओल्या फडक्यानं दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटं शेक द्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, आ वासू नका. फोन खांद्यात धरून बोलू नका, पालथं झोपू नका. दुखणं फारच असेल तर डॉक्टरांना विचारून पाच-सात दिवस सूज उतरवणारी गोळी. बीपी, मूत्रपिंडाचा त्रास, पित्त किंवा अल्सर असलेल्यांनी तीही दुकानातून परस्पर घेऊ नये.

एवढ्यानं बऱ्याच जणांना चार-सहा आठवड्यांत आराम पडतो. नाही पडला तर दातांच्या मापाची कडक ॲक्रेलिकची पट्टी रात्री घालायला देतात. ती माप घेऊन, चावा जुळवून केलेली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या मऊ रबरी पट्टीवर काही जण उलट जास्त चावतात. आणि बाई, ओपीजी नॉर्मल आला म्हणजे काही नाही असं नव्हे. त्यात हाडं आणि दात दिसतात. ती गादी आणि स्नायू दिसत नाहीत. गादी बघायची तर एमआरआय लागतो, पण तुम्हाला आज त्याची गरज मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रोजचा 'कट्' एक दिवस अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड दोनच बोटं उघडायला लागलं, तर 'बरं झालं, आवाज गेला' म्हणून बसू नका. गादी पुढं अडकलेली असते. दोन-चार दिवसांत दाखवलं तर सोपं जातं, महिने गेले की अवघड. याच्या उलट, मोठी जांभई देताना जबडा निसटून तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर घरी दाबादाबी करू नका, कुणी कानफटात मारून बसवतो म्हणाला तर त्याला लांब ठेवा. दवाखान्यात अंगठे खालच्या दाढांवर ठेवून खाली आणि मागं दाबत तो बसवतात. लवकर आलात तर काम मिनिटांत होतं. उशीर झाला की स्नायू आखडतात आणि भूल द्यावी लागते.

तुमचं झालं. पण तुमच्या घरात, शेजारात जबडा दुसऱ्याच कारणानं दुखत असेल. मी सांगितलेले शेक आणि मऊ खाणं त्यांना लावू नका.

दात असेल तर तो वेळ पाळतो रात्रीची. आडवं झालं की ठणका वाढतो, माणूस उठून फेऱ्या मारतो. गरम चहानं कळ येते आणि गार पाण्याची चूळ धरली की बरं वाटतं, म्हणजे आतली नस मरायला लागलीय. पुढं पू होतो, गाल सुजतो. अशा सुजेवर बाहेरून शेक देऊ नये. दुकानातून तीन दिवस अँटिबायोटिक आणून ठणका थांबवणारे खूप. पू थांबतो, कीड थांबत नाही. मुळाचा उपचार किंवा दाढ काढणं, दोन्हीपैकी एक करावंच लागतं. दाढेच्या भोकात मशेरी किंवा तंबाखूची गोळी दाबू नका. हिरडीवर ॲस्पिरिन ठेवून पांढरी भाजलेली हिरडी घेऊन येणारेही आहेत.

अक्कलदाढेचं दुखणं साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येतं. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकून सुजतं, गिळताना दुखतं, तोंड उघडेना होतं. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, आणि दाखवणं. पण सूज जबड्याखाली, हनुवटीखाली उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, लाळ गिळता येईना, बोलणं बदललं, ताप भरला, तर सकाळची वाट बघायची नाही. ही सूज श्वासाची वाट बंद करते. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं, दातांचा दवाखाना नव्हे.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकानं २०१३ मध्ये. पुढं काय झालं ते स्टँडवरच्या कुठल्याही पानपट्टीवर बघा. सुपारी-मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही फाडून तळहातावर एक केल्या की झालं. त्यातली सुपारी तोंडाच्या आतली मऊ कातडी हळूहळू दोरीसारखी ताठ करते. नुसती सुपारीसुद्धा हे करते, तंबाखू नसली तरी. सुरुवात दुखण्यानं होत नाही, झोंबण्यानं होते. ठेचा, लाल चटणी, कालपर्यंत चालणारी आमटीही झोंबायला लागते. गाल आतून पांढुरके पडतात. मग तोंड उघडायचं कमी होतं, इतकं सावकाश की ज्याचं त्याला कळत नाही.

त्यासाठी तीन बोटांची परीक्षा. आपलीच तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. जायला पाहिजेत. मागं चिकोडीकडचा एक मुलगा आला, वय बावीस असेल. तक्रार काय, तर "जबडा आखडलाय, वडापाव दाबून खावा लागतो." मी बोटं घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं. त्यानं ओशाळून हसून बोटं काढली आणि परत घालून बघितली, दुसऱ्यांदा तरी जातील म्हणून. खिशात पुडी होतीच. आठवीत असल्यापासून खातो म्हणाला. गालाला आतून बोट लावलं तर तारा ताणल्यासारखे पट्टे लागले.

तयार झालेले पट्टे पुसून टाकणारं औषध नाही. सुपारी पूर्ण बंद केली, तोंड उघडायचे व्यायाम नेमानं केले, गरज पडली तर इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया केली, तर जे आहे ते टिकतं, थोडं सुधारतं. आणि याच कातडीत पुढं कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून अशा माणसानं बरं वाटलं तरी ठराविक काळानं तोंड दाखवत राहायचं. तोंडातला व्रण, पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, कारण नसताना दात हलायला लागला, खालचा ओठ बधिर झाला, मानेत गाठ लागली, तर तुकडा काढून तपासायला घाबरू नका. तुकडा काढल्यानं रोग पसरतो ही आपल्याकडची जुनी भीती, तिच्यापायी फार महिने वाया जातात.

आणखी एक दुखणं लहान मुलांचं, ते कुणी जबड्याचं म्हणून ओळखतच नाही. मूल सायकलवरून पडतं, हनुवटी फुटते, टाके पडतात, टाके निघतात, सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. तिथं चीर गेली आणि कळली नाही, तर सांधा कवटीला जुळून जातो, चार-पाच वर्षांनी मुलाचं तोंड उघडेना होतं आणि त्या बाजूचा जबडा वाढत नाही. हनुवटीला टाके पडले की तोंड पूर्ण उघडतंय का, उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का, दात पूर्वीसारखे बसतात का, एवढं त्याच आठवड्यात बघा. मोठ्यांनाही हेच, मोटारसायकलवरून पडल्यावर दात 'वेगळेच लागायला' लागले तर हाड मोडलंय असं समजूनच निघा.

ज्या दुखण्यानं मला वेळ विचारायला शिकवलं, ते दाताचं नव्हतंच. माझा जुना दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. पन्नाशीतला एक शेतकरी डाव्या खालच्या दाढा दुखतात म्हणून दोनदा आला. दाढा झिजलेल्या, एक किडलेली. मी ती भरली. तिसऱ्यांदा तो येताना मी योगायोगानं दारात उभा होतो. तो जिन्याच्या मधल्या वळणावर थांबला, कठडा धरला, दुसऱ्या हातानं जबडा धरला. कपाळावर घाम. मिनिटभर उभा राहिला आणि वर आला. "आता थांबलं बघा, डॉक्टर. चढताना जाभाड धरतंय, बसलं की सोडतंय." दाढ जिना ओळखत नाही. त्याला तसाच रिक्षात घालून ईसीजीला पाठवला. हृदयाच्या नळ्या अरुंद झालेल्या निघाल्या. दोनदा मी त्याच्या तोंडात बघितलं होतं, आणि कधी दुखतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

चालताना, चढताना, ओझं उचलताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की उतरतो, तर त्याच दिवशी हृदयाची तपासणी. बसल्याजागी जबडा, मान, हात, छाती भरून आली, घाम, धाप, मळमळ, तर १०८. छातीत दुखलंच पाहिजे असा नियम नाही, विशेषतः बायकांत आणि साखरेच्या रोग्यांत.

राहिलेली झटपट सांगतो. जेवायला बसलं, लोणच्याचा वास आला आणि जबड्याखाली गोळा फुगून दुखला, तासाभरात उतरला, तर लाळेच्या नळीत खडा. तोंड धुताना, दाढी करताना, वारा लागताच गालात विजेसारखी सणक, काही सेकंदांची, आणि मधल्या वेळात काहीच नाही, तर ते नसेचं दुखणं. त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्यापायी दात काढायचे नसतात. वाकल्यावर वरचे सगळे दात जड वाटतात, सर्दी मुरलेली आहे, तर सायनस. पन्नाशीनंतर चावता चावता जबडा थकतो, कानशील दुखतं, केस विंचरताना टाळू दुखते, तर आपल्याकडं क्वचित दिसणारा पण डोळ्याची नजर घालवणारा रक्तवाहिनीचा आजार असू शकतो. नजर अंधुक झाली तर तासांचा प्रश्न. शेतात पायात खिळा गेला, आणि आठ-दहा दिवसांनी दातखीळ बसायला लागली, तर ते धनुर्वाताचं लक्षण धरून धावायचं. हाडं ठिसूळ म्हणून वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या आजींनी किंवा कॅन्सरसाठी तसं इंजेक्शन घेतलेल्यांनी दात काढण्याआधी ते सांगायचंच. नाहीतर जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं.

जायचं कुणाकडं? आधी नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडं. सांध्याचं, गुटख्याचं किंवा न सुटणारं दुखणं असेल तर डेंटल कॉलेजातल्या तोंडाच्या रोगांच्या किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागात. बेळगाव शहरात अशी दोन कॉलेजं आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, कागवाड-अथणीकडच्यांना मिरज. रोग्याला हद्द नसते, जवळचं गाठा. वारं भरलंय म्हणून सासूबाई तेल चोळत असतील तर चोळू द्या, हलक्या हातानं. स्नायूला ते बरंच वाटतं, फक्त कानात तेल सोडू देऊ नका.

बाई, चार आठवडे वरचं सगळं करा, मऊ खाणं तेवढं तीन आठवडे. रोज रात्री वहीत एक ओळ लिहा: आज किती वाजता दुखलं, काय खाल्लं होतं, तोंड किती बोटं उघडलं. फरक पडला नाही तर ती वही आणि तो ओपीजी घेऊन बेळगावला या. ओपीजी फेकू नका, तोच परत काढायचे पैसे कशाला घालवायचे?